दत्ताराम आणि कुडाळचं दूध

आमच्या विक्रोळीच्या चाळीत दत्ताराम तावडे रोज सकाळी ओरडतो, "दूध! अगो, दूध उतू चाललं!" आता हा माणूस कोरा चहा पितो. त्याच्या घरात दुधाचा थेंब नाही. आमची ही गेल्यापासून माझं घर गप्प असतं, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. आधी वाटलं, बिनलग्नाचा माणूस, कंपनीतून रिटायर झालेला, फिरलं डोकं. मग एक दिवस राहवेना, सरळ दार ढकललं.

पलंगावर लॅपटॉप. त्यात कुडाळचं स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं आणि बाजूला त्याची थोरली बहीण माई, खिडकीबाहेर बघत. भाच्याने तिकडे भिंतीला मोबाइल टांगून दिलाय, इकडे मामाला लॅपटॉप. सकाळी चालू केला की थेट झोपताना बंद.

"ती विसरते रे सगळं," दत्ताराम म्हणाला. "एकटी असते. माझी नजर हटली तर घर पेटवून बसेल."

दिवसभर चालणारी वस्तू तापणारच. पण हा लॅपटॉप असा तापायचा की वर पापड भाजून घ्यावा. मग आपोआप बंद, आणि इकडे दत्तारामचा जीव खालीवर. वॉरंटी होती म्हणून तो मरोळच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा. त्यांनी आधी पंखा बदलला, मग आतला बोर्ड बदलला. दर वेळी चार-चार दिवस ठेवून घ्यायचे. तेवढे दिवस हा बटणाच्या फोनवरून माईचं डोकं खायचा, गॅस बघितलास का, गॅस बघितलास का. दुकानात लॅपटॉप गार, घरी आणला की पुन्हा निखारा. दत्ताराम म्हणायचा, त्याला मरोळची हवा मानवते.

तिसऱ्या खेपेला मला सोबत नेलं. काउंटरवरच्या मुलीने पिशवीतून लॅपटॉप काढला, तर त्याच्या बुडाला जाड लोकरीचं हिरवं-लाल आसन. नेहमी तो ते घरी काढून ठेवायचा, हरवेल म्हणून. त्या दिवशी घाईत राहिलं.

"काका, हे काय?"

"बहिणीने विणलंय. ओरखडे पडू नयेत म्हणून."

"यावर ठेवूनच चालवता?"

"मग काय उघडा ठेवू?"

मुलगी हसू दाबत म्हणाली, हवा जायची भोकंच बुजवलीत तुम्ही. मी सगळ्यांसमोर हसलो. दत्ताराम बसस्टॉपपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालला. आता लॅपटॉप चार उपड्या वाट्यांवर असतो आणि आसनावर तो स्वतः बसतो.

परवा भाजीला निघाला तेव्हा मला म्हणाला, बस जरा इथे, माईवर नजर ठेव. बसलो. माईने पातेलं चढवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. दूध वर यायला लागलं. मी ओरडणार, तोच तिने न बघता हात मागे नेऊन गॅस बारीक केला.

मी विचारलं, "माई, तुम्ही तर विसरता ना?"

"माका काय्येक झाला नाय," ती म्हणाली. "कंपनी सुटली आणि दत्तारामाक सकाळी उठूचा कशाक, ताच कळेना. तो अंथरुणातच पडान ऱ्हवायचो. आता दुधासाठी उठता, आरडता, मगे जेवता. त्याका सांगू नको हां."

दत्ताराम आला, पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, काही गडबड? मी म्हटलं, थोडक्यात वाचलं. तो म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि खूश होऊन मेथी निवडायला बसला.

मी घरी आलो. आमची ही रोज चष्मा कुठेतरी ठेवायची, आणि मी बडबडत घरभर शोधायचो. इतकी वर्षं तिला वेंधळी समजत होतो. आता विचारायचं तरी कुणाला?