डावखुरी रायफल आणि ओकाची डहाळी

"यंदा ओकाच्या झाडाखालून एकही डुक्कर जिवंत जाणार नाही!"

वेंडेलिनने ही घोषणा भर सकाळी, दुकान गच्च भरलेलं असताना, हातात पावाची लादी धरून केली. हिंटरआइशबाख गावात बेकरी एकच, आणि ती त्याची. त्यामुळे तिथे बोललेलं दुपारपर्यंत चर्चच्या घंटेलासुद्धा ठाऊक होतं.

एवढ्या आत्मविश्वासाला कारण होतं. लग्न झाल्यापासून दर नोव्हेंबरच्या हाक्यात वेंडेलिन ओकाखाली उभा राहायचा. सगळ्या जंगलात तेवढी एकच जागा अशी, की हाकारे ओरडत निघाले की रानडुकरं नेमकी समोरच्या ओढ्यातून वर येतात. शिकारीचे प्रमुख म्हणजे त्याचे सासरे मागनुस. लेकीच्या प्रेमापोटी त्यांनी ही जागा जावयाला दिली होती आणि तेव्हापासून ते पस्तावत होते. डुकरं यायची, वेंडेलिनकडे बघायची आणि निघून जायची!

शेवटी मागच्या वर्षी सासऱ्यांचा संयम सुटला. "जावईबापू, आणखी एकच वर्ष. तेव्हाही नेम चुकला तर भगवं जाकीट घालायचं आणि काठी घेऊन हाकाऱ्यांत ओरडत फिरायचं. ओकाखाली क्विरिन उभा राहील."

क्विरिन म्हणजे मेहुणा. त्याच्या हाताखाली हाकारा व्हायचं, आणि सोमवारी त्याच तोंडाने गावाला पाव विकायचा! वेंडेलिनला झोप लागेना. विचार करकरून त्याने दोषी शोधून काढला. दोष त्याचा नव्हताच मुळी, दोष रायफलीचा होता. तो पक्का डावखुरा आणि रायफल सासऱ्यांनी दिलेली, उजव्या हाताची. डाव्या खांद्याला लावली की पुढची गोळी भरायचा बोल्ट पलीकडच्या बाजूला. प्रत्येक गोळीनंतर हात वरून पलीकडे न्यायचा, दांडी उचलायची, ओढायची, ढकलायची, पाडायची. तोवर डुक्कर शेजारच्या जिल्ह्यात!

म्हणून तो बायकोला, आफ्राला घेऊन तालुक्याच्या गावी पोंग्राट्सबाईंच्या बंदुकीच्या दुकानात गेला.

"सरळ खेचायचा बोल्ट हवाय," त्याने सांगितलं. "उचलणं नाही, पाडणं नाही. मागे ओढला, पुढे ढकलला, झालं काम! आणि डावखुरा."

पोंग्राट्सबाईंनी दोन रायफली टेबलावर ठेवल्या. "हिचा बोल्ट पाहिजे त्या बाजूला बदलून मिळतो. आज डावा, उद्या उजवा. आणि ही कायमची डावी. दस्ता डावा, गालाची उशी डावी, रिकामं काडतूससुद्धा डावीकडे उडतं. ही पुन्हा बदलता येणार नाही."

"म्हणजे उजव्या माणसाच्या काही उपयोगाची नाही?"

"अजिबात नाही."

"मग हीच द्या! क्विरिनला उसनी मागता येणार नाही!"

आफ्राने कपाळाला हात लावला. पोंग्राट्सबाई म्हणाल्या, "घ्या, पण आधी डोळा तपासू. हात डावा असला म्हणजे डोळाही डावाच असतो असं नाही. तो अंगठा जरा घड्याळासमोर धरा बरं."

"बाई, मला रायफल घ्यायचीय, चष्मा नाही! मी हाताने डावा, पायाने डावा. डोळा काय शेजाऱ्याचा असेल?"

आफ्राला मात्र राहवेना. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा घड्याळावर धरला आणि मग एकेक डोळा मिटून पाहिला. "अय्या! उजव्याने बघितलं की अंगठा बाजूला पळतो. डाव्याने बघितलं की जागच्या जागी!"

"तुमचा मालक डोळा, म्हणजे नेम ठरवणारा, डावा आहे. तुम्ही डाव्या खांद्यावरून नेम धरायला हवा."

"हिने?" वेंडेलिन पोट धरून हसला. "ही हाकाऱ्यांसाठी सूप करते!" आफ्राने बापाच्या हट्टापायी लग्नाआधीच शिकारीचा परवाना काढलेला होता, पण हे तिच्या नवऱ्याला फक्त परवाना नवा करायच्या वेळी आठवायचं.

हाक्याच्या आदल्या दिवशी चांदमारीवर रायफलीची चाचणी ठरली. अर्धं गाव बघायला आलं, कारण डावी रायफल तिथे कोणी पाहिलीच नव्हती. सासरे नेहमीप्रमाणे नेमबाजाच्या डाव्या हाताला उभे राहिले. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, म्हणून शहाण्या माणसाने डावीकडे उभं राहायचं, हे त्या गावात पोरांना चालायला शिकवतानाच शिकवतात. त्यात म्हाताऱ्याला उत्सुकता फार. "हे सरळ खेचायचं प्रकरण चालतं तरी कसं बघू," म्हणत ते चांगले वाकले.

धाड! वेंडेलिनने झोकात बोल्ट ओढला आणि तापलेलं काडतूस टुणकन उडून थेट सासऱ्यांच्या स्वेटरच्या गळ्यात गेलं.

"आई गं! मेलो! काढा! काढा रे!" मागनुस असे काही नाचले की त्यांच्या साठीच्या समारंभातही तसे नाचले नव्हते. क्विरिन स्वेटर वर ओढतोय, आफ्रा पाण्याची बादली शोधतेय, वेंडेलिन "बाबा, सॉरी, बाबा, सॉरी" म्हणत रायफल रिकामी करतोय! या गडबडीत गोळी कुठे लागली हे बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी जंगलात शिंग वाजलं. हाकारे ओरडू लागले. ओढ्यातून पाच डुकरं वर आली, अगदी रांगेत.

वेंडेलिनने रायफल खांद्याला लावली. धाड, ओढ, ढकल! धाड, ओढ, ढकल! काय चालली ती रायफल! लोण्यातून सुरी! चार गोळ्या संपेपर्यंत त्याने श्वाससुद्धा घेतला नाही. पाचही डुकरं समोरची चढण चढून शांतपणे निघून गेली. पूर्वी तेवढ्या वेळात त्याच्या दोनच गोळ्या चुकायच्या.

हाका संपल्याचं शिंग वाजल्यावर तो नियमाप्रमाणे खुणा बघायला गेला. ओकाच्या खुरट्या झुडपांत तो रांगला, वाकला, पुन्हा रांगला. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. फक्त चिखलात खुरांचे ठसे, आणि तेही घाईचे वाटत नव्हते. "संपलं," तो पुटपुटला. "भगवं जाकीट."

परतीच्या वाटेवर क्विरिनने त्याला लांबून पाहिलं आणि चक्क डोक्यावरची टोपी काढली. "अभिनंदन, दाजी!"

हा चिडवतोय, असं वेंडेलिनला वाटलं. "पुरे झालं हं, क्विरिन."

"काय विनय! काय विनय!" क्विरिनने त्याचा हात धरून गदागदा हलवला. पुढे दुसऱ्याने पाठ थोपटली, तिसऱ्याने टोपी काढली. वेंडेलिनला कळेना, सगळं गाव एकाच दिवशी एवढं वाह्यात कसं झालं?

मग स्वतः मागनुस आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मानेला काडतुसाचा लाल डाग होता, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "डहाळी क्विरिनने दिली वाटतं. खरं तर माझ्या हातून द्यायला हवी होती. पण असू दे. मी तुला फार बोललो रे. चुकलं माझं. ओकाची जागा आता कायमची तुझी!"

डहाळी? वेंडेलिनचा हात टोपीकडे गेला. उजव्या बाजूला, दोरीत अगदी व्यवस्थित खोवलेली, ओकाची डहाळी! झुडपांत रांगताना अडकलेली. आणि शिकार साधलेल्या माणसालाच टोपीच्या उजव्या बाजूला डहाळी मिळते, तीसुद्धा प्रमुखाच्या हातून. ती आपणहून खोवायची हिंमत गावात आजवर कोणी केली नव्हती, म्हणून तशी शंकाही कोणाला आली नाही.

आत्ताच सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण लग्नापासून पहिल्यांदाच सासरे त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते. "बाबा... तसं विशेष काही नाही," एवढंच तो बोलला.

"ऐकलंत? विशेष नाही म्हणे!" मागनुस गरजले.

जमिनीवर अंथरलेल्या सूचिपर्णी फांद्यांवर शिकार मांडली गेली. ज्याची त्याची ओळखून झाली. वेंडेलिनचं डुक्कर काही सापडेना.

"तुझं कुठाय?"

"ते... पुढे गेलं," वेंडेलिन म्हणाला. आणि हे अक्षरशः खरं होतं.

पण याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला: जनावर जखमी आहे! मग जखमी जनावर सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, हा तिथला धर्मच. सूप गार झालं. शिंग फुंकणाऱ्यांचे ओठ निळे पडले. म्हातारी कुत्री हेक्सा माग काढायला आणली. ती बिचारी ओकाभोवती हिंडहिंड हिंडली, सगळं हुंगलं आणि येऊन वेंडेलिनच्या पायाशी बसली. त्याच्या अंगाला पावाचा वास येत होता.

"माग ओढ्याकडे असणार!" म्हणत मागनुसनी स्वतः तिची दोरी घेतली. गुडघे दुखत असताना, त्या निसरड्या उतारावर, काटेरी झुडपांत, जावयाच्या इज्जतीसाठी!

म्हाताऱ्याचा पाय पहिल्यांदा घसरला आणि वेंडेलिन दोन पावलं पुढे धावला.

"बाबा, थांबा!" तो ओरडला. "डुक्कर नाहीये! एकही लागलं नाही! चार गोळ्या, चारही वाया! ही डहाळी आपली आपणच अडकलीय!"

मागनुस चिखलात उभे. हेक्साने जांभई दिली. मग कुठून तरी हाकाऱ्यांतला एक जण फिसकला आणि सगळा डोंगर हसायला लागला. मागनुस मात्र हसले नाहीत. ते हळूहळू वर आले, वेंडेलिनच्या टोपीतली डहाळी काढली आणि खिशात ठेवली. त्याला ते सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी खानावळीत रिवाजाप्रमाणे शिकाऱ्यांचं खोटंखोटं न्यायालय भरलं. डहाळीच्या गुन्ह्याबद्दल वेंडेलिनला पुढच्या वर्षी हाकारा व्हायची शिक्षा झाली. पेले उचलले गेले. शिकारी माणूस पेला डाव्या हाताने उचलतो, उजवा हात बंदुकीसाठी मोकळा असतो. जो विसरेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. दरवर्षी कोणी ना कोणी सापडायचं, फक्त वेंडेलिन कधीच नाही!

"शिकारीतली एवढीच गोष्ट तुला जमते," मागनुस म्हणाले आणि अखेर हसले.

तेवढ्यात आफ्रा पुढे आली. "अहो, एक मिनिट. त्या दिव्यासमोर अंगठा धरा."

"आता अंगठा कशाला?"

"धरा म्हणते ना!"

त्याने धरला. डावा डोळा मिटला, अंगठा दिव्यावर होता तसाच. उजवा मिटला आणि अंगठा टुणकन बाजूला! त्याने पुन्हा करून पाहिलं. अंगठा पुन्हा पळाला.

"म्हणजे... माझा डोळा उजवा?"

"पहिल्यापासून उजवा. तुम्हाला उजव्या खांद्यावरून नेम धरायला हवा होता. उजव्या रायफलीने."

"म्हणजे मी दिली होती तिने!" मागनुसनी टेबलावर मूठ आपटली.

"ती आता माझ्याकडे आहे," क्विरिन घाईघाईने म्हणाला. "दाजींनीच दिली. परत मिळणार नाही."

राहिली नवी रायफल. रविवारी आफ्राने ती चांदमारीवर नेली, डाव्या खांद्याला लावली आणि तिन्ही गोळ्या एका पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत बसवल्या. मागनुस या वेळी उजवीकडे उभे होते.

पुढच्या नोव्हेंबरात ओकाखाली आफ्रा उभी राहिली आणि वेंडेलिन भगवं जाकीट घालून हाकाऱ्यांत ओरडत फिरला. तिची एक गोळी, एक डुक्कर. मागनुसनी तिच्या टोपीवर डहाळी ठेवली, तेव्हा ज्याने डुक्कर हाकून आणलं त्याचा वाटा म्हणून तिने अर्धी मोडून नवऱ्याच्या जाकिटाला खोवली. "ही खरी आहे हं," ती हळूच म्हणाली.

त्या वर्षभरात त्यानेही हार मानली नव्हती. उजव्या खांद्याची सवय व्हावी म्हणून तो सगळंच उजव्याने करत होता. पीठ उजव्याने, सुरी उजव्याने, दात घासणंसुद्धा उजव्याने. खानावळीत तो अभिमानाने उभा राहिला, बायकोच्या नावाने पेला उंच उचलला, आणि बाकीचे पेले हवेतच थांबले.

सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

"जावईबापू," मागनुस प्रेमाने म्हणाले, "माझ्यासाठी मोठा पेला सांग."