बिनआवाजाचा भोंगा

कामावर इजा झाल्यास बुडालेली मजुरी भरून मिळते, असे कायदा सांगतो, आणि कायदे गंभीर माणसे करतात. तरीही पुढची हकीकत कोणी खरी मानणार नाही. टांगा-अड्ड्यावर ऐकायला जमलेल्यांपैकी गुलाम नबी टांगेवाल्याने तर विडी पेटवतानाच मला, "बोला बाबा, आज किती फेकता ते पाहू," असे सुनावले होते.

सत्तावन्न साली जालन्याच्या एका जिनिंग मिलचा भोंगा फुटला. नवा महाग, म्हणून मालकाने भोंग्याच्या जागी कचरू नावाच्या मजुराला छपरावर चढवले. कचरूची हाक कुंडलिका नदीपलीकडे जाई. (स्टेशनातले घड्याळही तिच्यावर लावत, कबूल करत नसत.) एका सकाळी त्याने आ वासला आणि वाऱ्यावरचा रुईचा पुंजका आत गेला. घसा बसला तो उठेचना. मालकाने मजुरी बंद केली. नादुरुस्त भोंग्याला पगार देण्याची मिलमध्ये वहिवाट नव्हती. वाण्याने उधारीची ज्वारी थांबवली, तेव्हा बायको दुर्गाबाईने त्याला भरपाईसाठी कामगार कचेरीत नेले.

कचेरीची पद्धत निर्दोष होती. शिपाई तीनदा नाव पुकारी. अर्जदाराने व्हरांड्यातून खणखणीत "हाजिर" म्हणायचे. न म्हटल्यास गैरहजर, अर्ज खारीज. म्हटल्यास आवाज शाबूत, अर्ज खारीज. (त्यामुळे तिथे एकही प्रकरण तुंबलेले नव्हते.)

कचरूने हात वर केला. तो आतल्या साहेबांना ऐकू आला नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला दुर्गाबाईच कडाडली, "हाजिर हाय की! तुमच्या कानात बी रुई गेल्ती का?" खिडकीची काच तडकली. साहेबांनी निकाल दिला: कुटुंबाचा एकूण आवाज पूर्वीइतकाच भरत असल्याने नुकसान शून्य.

मालकाने लगोलग दुर्गाबाईला छपरावर चढवले. बाईमाणूस म्हणून मजुरी निम्मी. तिने वाद घातला नाही. निम्म्या मजुरीत निम्मा भोंगा, एवढेच ठरवले, आणि फक्त सुटीचा दिला. तोही सकाळीच. मिल सुरू होण्याआधी सुटली. कामगार शिस्तीचे, घरी गेले.

मालक तक्रार घेऊन कचेरीत धावला. साहेबांनी कचरूला बोलावून घेतले, उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली, चूक झाली म्हणाले, आणि त्याच दिवशी बुडालेली सगळी मजुरी त्याच्या हातावर...

गुलाम नबीने विडी विझवली.

"थांबा बाबा. माणसाचा भोंगा झाला, आम्ही मानलं. हात ऐकू आला न्हाई, मानलं. बाईला निम्मी मजुरी, ते तर बराबरच हाय म्हणून समद्यांनी माना डोलावल्या, मी बी डोलावली. पण साहेब चूक झाली म्हणाले? हे बिलकुल झूट हाय."