शेडगेकाकांना लेखी लागतं

शेडगेकाका चहा मागत नाहीत, जाहीर करतात. आधी उजव्या हाताची मूठ तोंडापुढे धरतात, तिच्यात दोनदा फुंकर मारतात आणि मग नाकातून सुरू होतात, "सव्वादहा वाजता येणारा चहा अद्याप आलेला नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आमच्या केंद्रातल्या मदतनीस मावशी आतून पातेलं आपटतात. "या मानसाला कोनीतरी डेपोत जमा करून या गो."

मी पेणची. रोज सकाळी गाडीने रोह्याला येते. स्टँडपासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं आमचं केंद्र आहे. तिथे ऑटिझम असलेली मुलं येतात. नमस्कार करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चौघांत बसून डबा खाणं, असल्या गोष्टी तुकडे तुकडे करून त्यांना शिकवायच्या, हे माझं काम. चार माणसांत कसं वागावं हे मी शिकवते, यावर माझ्या घरी अजून कोणाचा विश्वास नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते. शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीतले तिसाच्या पुढचे आकडे ऐकले की मला क्षणभर थांबावं लागतं.

काका दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले ते घड्याळाची तक्रार घेऊन. काखेत छत्री, खिशाला दोन पेनं. दारातूनच म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनटं मागं हाय." खुर्चीवर चढून त्यांनी ते लावलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हजर.

"काल लावलंत ना, काका?"

"बदल झालेला असू शकतो."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तीस वर्षं ते रोह्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते, माइकवरून गाड्या सांगायचे. निवृत्त झाले तरी रोज स्टँडवर थांबून वेळापत्रकाचा फलक वरपासून खालपर्यंत वाचतात. तो त्यांनीच उभं राहून रंगवून घेतला होता. कोणी हसलं तर म्हणतात, बदल झालेला असू शकतो.

तोंडी सांगितलेलं मात्र त्यांना ऐकू येत नाही. चपला बाहेर काढा, म्हणून मावशींनी आठवडाभर सांगून पाहिलं. काका विचारायचे, "लेखी हाय का?" शेवटी मावशींनी दारावर खडूने लिहिलं. तेव्हापासून चपला बाहेर. एकदा कोणाची तरी पाठ घासून ते अक्षर पुसलं गेलं, तर काका चपलांसह आत आले आणि निवांत बसले.

आणि मग ओवीचं झालं. ओवी सहा वर्षांची, कोलाडची. आई-वडिलांची हायवेला खानावळ. दिवसभर हॉर्न आणि भांड्यांचा आवाज, म्हणून ही कानांवर हात घेऊनच वाढलेली. हाक मारली तर वळायची नाही. डब्याची वेळ झाली की टेबलाखाली. मी चित्रांची कार्डं दाखवली, चांदण्यांचे स्टिकर देऊ केले, नियमाप्रमाणे वाट पाहिली. ओवी टेबलाखालीच. एके दिवशी काकांनी घड्याळ लावून खुर्चीवरून उतरता उतरता मूठ तोंडाशी नेली. फू, फू. "कोलाडहून आलेली ओवी डब्यासाठी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

ओवी बाहेर आली आणि ओळीतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसली.

तेव्हापासून आमच्या खुर्च्यांना फलाट क्रमांक आले. घरी जायची वेळ म्हणजे शेवटची गाडी. बाथरूमला जाणं म्हणजे विनंती थांबा. पालक हसायचे, पण मुलं बरोबर आपापल्या फलाटावर लागायची.

मला काळजी वाटू लागली. ओवीला जूनमध्ये पहिलीत घालायचं होतं. शाळेच्या बाई आठ दिवस बघू म्हणाल्या होत्या. साध्या हाकेला ओ दिली तर राहणार, नाहीतर परत. त्या वर्गात गाड्या कोण सांगणार? काळजी चुकीची नव्हती. काकांशी बोलायला हवं होतं. तीन दिवस मी वाक्य जुळवलं. काका खुर्चीवर चढले की मागे जाऊन उभी राहायचे आणि ते उतरायच्या आत परत फिरायचे.

शेवटी मी ते छापलं. पालकांना द्यायच्या सूचनांचा तयार नमुना आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. त्यात मी नाव घातलं आणि लिहिलं, 'मुलांशी साध्या स्वरात बोलावे. घोषणा करू नये.' नमुन्यातली शेवटची ओळ आधीपासूनच छापलेली होती, 'हा नियम घरीही काटेकोर पाळावा.' ती मी काढली नाही. काका एकटेच राहतात असं मी धरून चालले होते. दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला. "लेखी आलं," म्हणाले. "पाळायला पायजे."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि गप्प बसले. चहा उशिरा आला तरी गप्प. मावशींनी दोनदा बाहेर येऊन पाहिलं. डब्याच्या वेळी ओवीने त्यांच्याकडे बघितलं. काकांची मूठ वर गेली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मूठ खिशात घातली. ओवी टेबलाखाली गेली.

पुढचे दोन दिवस काका आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवरचा पूल ओलांडून काकांच्या गावात, अष्टमीला गेले. घर विचारत विचारत पोचले, तर शेजारच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होत्या.

"तू त्या मुलांच्या केंद्रातली मॅडम ना गो? बरं झालं आलीस. विलास तीन दिस धड जेवला नाय. म्हातारा पन नाय."

"विलास कोण?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता गो! पोरगा त्याचा."

आत खिडकीशी एक दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानांजवळचे केस पिकलेले. बसल्या जागी तो हळूहळू मागे-पुढे हलत होता. टेबलावरच्या ताटात वरणावर साय धरली होती. दोन खुर्च्यांच्या पाठींवर पांढऱ्या ऑइलपेंटने १ आणि २ काढलेलं होतं. जुना, पोपडे धरलेला रंग. मोरीच्या दारावर तसल्याच अक्षरांत 'विनंती थांबा'. आणि भिंतीवर, चारी कोपऱ्यांना खळ लावून, माझा कागद.

काका विलासच्या पाठीशी उभे होते. "जेव रे. जेव बाबा." त्यांचा साधा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. न येणारी भाषा वाचावी तसा तो अडखळत होता.

मला बघून ते म्हणाले, "साध्या स्वरातच सांगतोय, मॅडम. पन त्याला कळतच नाय, कोनाला सांगतोय ते."

"काका, तो कागद चुकलाय. तुम्ही नेहमीसारखं बोला ना."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "लेखी हाय ते." चपलांच्या वेळचा हट्ट त्यात नव्हता. ते घाबरले होते. "तुमी शिकलेल्या. मला वाटलं, म्हनूनच ह्यो मागं राहिला असंल. चाळीस वर्सं मीच चुकीचं बोलत आलो."

भिंतीवर चित्रं चिकटवून आम्ही मुलांना पुढे काय होणार ते सांगतो. काका तेच तोंडाने सांगत होते, आमच्या केंद्राचा पायाही नव्हता तेव्हापासून. पण हे त्यांना तोंडी सांगून उपयोग नव्हता. मी पिशवीतून वही काढली आणि माझ्या लहान मुलासारख्या मराठी अक्षरात लिहिलं, 'आधीची सूचना रद्द. शेडगेकाकांनी नेहमीप्रमाणे बोलावे.' खाली सही, तारीख.

काकांनी चष्मा लावला. "शिक्का?"

"शिक्का केंद्रात आहे."

त्यांनी विचार केला. "चालंल." मग मूठ वर गेली. फुंकर नीट निघेना. "दुपारची... दुपारच्या जेवणाची गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. उशिराबद्दल दिलगीर आहोत."

विलासचं हलणं थांबलं. तो उठला, एक नंबरच्या खुर्चीवर बसला आणि गार भात खाऊ लागला. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही. काका त्याच्या ताटाकडे बघत दोन नंबरच्या खुर्चीवर टेकले.

"काका, याला कधी आणलं का नाहीत केंद्रात?"

"आननार होतो. तुमचा दारावरचा बोर्ड वाचूनच तर आलो होतो मी. घड्याळ आपलं निमित्त."

"मग?"

"बोर्डावर लिवलंय ना, वय वर्षे तीन ते चौदा. ह्यो एक्केचाळीसचा."

तो आकडा कळायला मला क्षणभर लागला. त्या एका क्षणात मी खाली बघू शकले.

ओवी आता शाळेत जाते. आठ दिवसांचा महिना झाला, पण अजून कोणी परत पाठवलेलं नाही. तिच्या बाई डब्याच्या वेळी फुंकरीऐवजी टेबलावर दोनदा टिचकी मारून तिचं नाव घेतात. काकांनी त्यांना तसं लेखी दिलंय.

काका पुन्हा रोज येतात. घड्याळ लावतात, चहा जाहीर करतात. फक्त मूठ वर नेण्याआधी एकदा माझ्याकडे बघतात. पूर्वी बघत नसत.

एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला कुठे पाठवावं, हे मी आमच्या मोठ्या मॅडमना विचारलं, पनवेलपर्यंत फोन करून पाहिले. कोणाला सांगता आलं नाही. बोर्ड तसाच आहे.

निघताना काका पायऱ्या उतरतात, छत्री काखेत मारतात, चष्मा लावतात आणि आमचा बोर्ड पहिल्या ओळीपासून वयाच्या ओळीपर्यंत वाचतात.

"अजून पाठ नाय झाला?" मावशी दारातून विचारतात.

"बदल झालेला असू शकतो," काका म्हणतात.