डब्यातले सासरे

“यात चुकायला वावच नाही! सगळं प्लॅनिंग माझं आहे!” रिटायर झालेले बबनराव आठवडाभर अख्ख्या कार्डिफला फोनवर ऐकवत होते. शनिवारी चार वाजता कम्युनिटी हॉलमध्ये त्यांचे वडील चक्क पडद्यावर दिसणार होते!

वडील मुंबईचे खलाशी. महायुद्ध संपून तीनचार वर्षं झालेली, लंडनजवळच्या एका स्टुडिओत सिनेमासाठी पूर्वेकडचा बाजार उभारला होता. रेशनचे दिवस, त्यामुळे गाडीवरची केळीसुद्धा प्लॅस्टरची! गर्दीत उभं करायला गोदीवरून माणसं नेली, त्यात हे. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून गॅरेथ नावाच्या म्हाताऱ्या प्रोजेक्टरवाल्याकडे त्या सिनेमाचं रीळ निघालं, तेव्हा बबनराव ढसाढसा रडले. “दोन दिवस तरी माझा बाप माझ्या घरी राहू दे!” म्हणाले. गॅरेथ विरघळला. पत्र्याच्या चपट्या डब्यासकट त्याने रीळ देऊन टाकलं.

शनिवारी हॉल गच्च भरला. बबनरावांनी डबा मिरवत आणला. गॅरेथने झाकण काढलं आणि तो बघतच राहिला.

आत शंकरपाळे!

“अगं, रीळ कुठंय?” बबनरावांचा आवाज चिरकला.

पहिल्या रांगेतून त्यांची बायको शांताबाई शांतपणे म्हणाल्या, “घरी, ओट्यावर. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय.”

“पण का?”

“का म्हणजे? रीळ म्हणजे तुमचे वडील, ते आपले. डबा गॅरेथभाऊंचा, वर नाव आहे त्यांचं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवायचा? माझ्या घरातून?”

नात सिया कारची किल्ली घेऊन पळाली. “आजी, ओ माय गॉड! टेन मिनिट्समध्ये आणते!”

पण शहरात रग्बीची मॅच, निम्मे रस्ते बंद! इकडे बबनरावांनी वडिलांचे किस्से सांगत किल्ला लढवायला घेतला. दहाव्या मिनिटाला वडील गर्दीत उभे होते, विसाव्या मिनिटाला केळ्यांच्या गाडीचे मालक झाले, पस्तिसाव्या मिनिटाला हिरोला लढाईचा सल्ला देत होते! गॅरेथ मान डोलवत शंकरपाळे खात होता.

शेवटी सिया धापा टाकत आली, रीळ छातीशी धरून. “कार लांब पार्क केला, मग धावले! लोकांना वाटला बेबी आहे, सगळ्यांनी वाट दिली!”

दिवे मालवले. पडद्यावर बाजार उजळला. हिरो ऐटीत आला, झाडून सगळी गर्दी त्याच्याकडे बघू लागली. आणि केळ्यांच्या गाडीमागचा एक काटकुळा पोरगा मात्र सरळ कॅमेऱ्यात बघून खुदकन हसला!

“बाबा!” बबनराव ताडकन उठले. प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहून दोन्ही हात हलवू लागले. पडद्यावर त्यांच्या डोक्याची भलीथोरली सावली पडली, नेमकी वडिलांवर! ती हटेपर्यंत बाजारच संपला.

“पाहिलंत ना? पाहिलंत ना?” डोळे पुसत त्यांनी मागे वळून विचारलं.

“तुमचं टक्कल पाहिलं!” साठजण एका सुरात ओरडले.

गॅरेथ हसत हसत रीळ मागे फिरवू लागला. शांताबाईंनी नवऱ्याच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“आता बसा खाली! मी लग्न होऊन आले तेव्हा ते म्हातारे झाले होते. मलाही बघू द्या माझे सासरे!”