सेकंदभराचा उशीर आणि बिराप्पांचं घोंगडं

"माणसं कशीही नाचोत, माझं समीकरण त्यांना बरोबर एका तालात आणणार!" असं भरतेश मगदूमनं सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पीएचडीचा विषयच तसा भारी! दोन माणसं एकमेकांकडे बघून हलतात, पण समोरचं जरा उशिरा दिसतं. मग ताल टिकतो कसा? सहा वर्षं, तीनशे बारा पानं. आता मार्गदर्शक पद्मावती मॅडमनी प्रयोग बघून सही केली की पीएचडी. नाही केली तर मुदत संपलेली आणि सहा वर्षं पाण्यात.

प्रयोगासाठी त्यानं म्हसवडच्या बिराप्पांचं धनगरी गजीनृत्याचं पथक निम्मं केलं. निम्मे बिराप्पांबरोबर सांगलीत, निम्मे तिकडंच, दोन्हीकडं एकेक ढोल आणि मधे व्हिडिओ कॉल. चित्र, आवाज, सगळं एक सेकंद उशिरा.

"पडद्याकडे बघायचं आणि त्यांच्याशी जुळवून घ्यायचं!" त्यानं दोन्हीकडं बजावलं.

ढोल वाजला, रुमाल उडाले, मॅडम खूश! मग इकडच्यांना वाटलं, तिकडचे मागं पडलेत. हे जरा थांबले. तिकडच्यांना वाटलं, इकडचे रेंगाळलेत, तेही थांबले. ढोल मंदावला, पाय मंदावले, आणि पाचव्या मिनिटाला दोन जिल्ह्यांतली चोवीस माणसं एक पाय वर धरून एकमेकांची वाट बघत उभी!

"बिराप्पा, पाय टेकवा की!"

"आवं सर, त्येंनी टेकवल्याबिगर आमी कसा टेकवावा? तुमीच म्हनलासा, जुळवून घ्या."

तिकडून बिराप्पांचा भाचा अर्जुना ओरडला, "मामा, पायाला लय कळ लागलीया! टेकवा की तुमी!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात बिराप्पा लंगडी घालत पडद्यापाशी गेले आणि खांद्यावरचं घोंगडं त्यांनी त्यावर टाकलं. "अर्जुना, तू बी टीव्ही झाक रं! आपापल्या ढोलावर नाचा, ताल तर वर्सानुवर्सं एकच हाय आपला!"

आणि काय सांगावं! इकडं हॉल दणाणला, तिकडं धुरळा उठला. मॅडमच्या लॅपटॉपवर म्हसवडचे, समोर सांगलीचे, गती अगदी एक!

"वा! भरतेश, हे कुठल्या समीकरणानं?"

भरतेश घाईघाईनं तीनशे बारा पानं चाळायला लागला.

"घोंगड्याच्या," बिराप्पांनीच सांगून टाकलं.

सही झाली. फक्त समीकरणात जिथं जिथं 'एकमेकांकडे बघणे' होतं, तिथं मॅडमनी त्याला शून्य घालायला लावलं. तीनशे बारा पानांची सतरा उरली. त्यातल्या एकावर बिराप्पांचा फोटो आहे, घोंगड्यासकट.