पोच्याची मालकी

वाद्य वाजवल्याने खराब होतं, हे सत्य माणसाच्या लक्षात यायला फार वेळ लागला. तोवर कितीतरी चांगली वाद्यं लोकांनी वाजवून वाजवून वाया घालवली होती. ही नासाडी थांबावी या उदात्त हेतूने 'जुने स्नेअर ड्रम जतन व विनिमय मंडळ' स्थापन झालं. स्नेअर ड्रम म्हणजे बँडमधला तो बुटका ड्रम, ज्याच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात आणि वर काठी पडली की खालून 'खर्र' होतं. (हे 'खर्र' मंडळाच्या बहुतेक सभासदांच्या ऐकिवात आहे. ऐकलेलं कोणी नाही.)

मंडळाची बैठक दर महिन्याला फरशीवाले या सभासदांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरते. अध्यक्षपदी एक निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. आयुष्यभर त्यांनी समोरच्याला आवाज करू दिला नाही, त्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली. गेल्या वार्षिक अहवालानुसार सभासदांकडे मिळून चारशे अकरा ड्रम असून वर्षभरात त्यांपैकी एक वाजला. तोही मांजर वर उडी मारून बसल्यामुळे. मांजराच्या मालकाने लेखी दिलगिरी व्यक्त केली आहे आणि मांजर आता त्यांच्या सासुरवाडीला असतं.

ड्रमची प्रतवारी शास्त्रशुद्ध आहे. सर्वांत वर 'न वाजवलेला', त्याखाली 'एकदाच वाजवलेला' आणि तळाशी 'वाजवलेला, परंतु मालकास पश्चात्ताप झालेला'. ड्रम विकला की विकणाऱ्याला रुखरुख लागते आणि घेणाऱ्याला धाकधूक. या दोहोंच्या बेरजेला मंडळात बाजारभाव म्हणतात. या सगळ्याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे पोचा. साध्या माणसाच्या हातून पोचा पडला तर ड्रमची किंमत उतरते, थोर माणसाच्या हातून पडला तर ती गगनाला भिडते. तेव्हा पोचा मुळात कोणाचा, हे ठरवणं ओघानेच आलं, आणि त्यासाठी मंडळाची एक पोचा निर्णय समिती आहे.

आमचे सर्व्हेअरसाहेब या मंडळाचे नवे सभासद. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली. गाडीचा पोचा नुसता डोळ्यांनी पाहून तो खांबामुळे पडला, दुसऱ्या गाडीमुळे पडला की मेहुण्याला गाडी चालवायला दिल्यामुळे पडला, हे ते सांगत. कॉलेजात असताना ते ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत असत. (प्रवेश अर्जात त्यांनी हे लपवलं होतं.) पुढे ड्रम गेला, नोकरी आली, आणि हातांची सवय तेवढी राहिली. जेवणाच्या टेबलावर त्यांची बोटं अजून चालत आणि बायको वरणाची वाटी उचलून हातात धरत असे.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात काचेच्या पेटीत, जांभळ्या मखमलीवर फरशीवाल्यांचा एक पितळी ड्रम ठेवला होता. शेजारी फलक होता: 'महान वादकाने कार्यक्रमानंतर संतापाच्या भरात मुठीने पाडलेला पोचा. कडेला लाल डाग (संभाव्य रक्त).' हा महान वादक इतका महान आहे की मंडळात त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं 'ते' म्हणतात आणि डोळे मिटतात. सर्व्हेअरसाहेबांनीही डोळे मिटले, पण वेगळ्या कारणाने. तो ड्रम त्यांचा होता. तो पोचा ते झोपेतही ओळखू शकले असते, कारण त्यांच्या सगळ्या जन्मात ज्याची भरपाई मिळाली नाही असा तो पहिला पोचा होता. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तो ड्रम पुन्हा वाजवायचा, एवढंच त्यांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी ताईला फोन केला. पोचा ताईचा होता.

"अरे छोट्या, तो अजून आहे?" ताई म्हणाली. "मला वाटलं बाबांनी भंगारात दिला."

"भंगारातूनच वर आलाय. आता तो मला परवडेल असा राहिला नाही, ताई. पोचा 'त्यांचा' आहे म्हणतात."

"त्यांचा कसला डोंबलाचा! मी फेकला जिन्यावरून. माझ्यामुळे गेला ना तुझा ड्रम? मीच आणून देते परत. सांगते येऊन त्या लोकांना."

ताई हिशेब खात्यातून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी त्रासलेली आणि जिभेने अजिबात न त्रासलेली बाई होती. तिची साक्ष ग्राह्य धरली गेली तर पोचा सामान्य ठरणार, किंमत कोसळणार आणि भावाला त्याचा ड्रम मिळणार, इतकं सरळ होतं सगळं. पुढच्या बैठकीत ती समितीसमोर बसली. फरशीवाले घाम पुसत होते.

"आपल्याकडे पुरावा काय?" अध्यक्षांनी हळुवारपणे विचारलं.

"पुरावा म्हणजे मीच की. माझी दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. मी नखं रंगवत होते, आणि हा वर धडाधडा बडवत होता. त्या हादऱ्याने बाटली माझ्या हातावर कलंडली. ते तुमचं रक्त आहे ना, ते माझं नेलपॉलिश आहे. तशीच वर गेले, उचलला ड्रम आणि दिला जिन्यावरून भिरकावून."

"वाद्यक्षेत्रात आपलं योगदान?"

"हेच."

समितीने टिपून घेतलं. मग असं ठरलं की निव्वळ तोंडी साक्षीवर एवढ्या मोठ्या पोच्याचा निकाल लावणं योग्य नाही. बाईंनी प्रात्यक्षिक द्यावं. कोणाचीच माया नसलेला एक नवा पितळी ड्रम आणण्यात आला. फरशीवाल्यांच्या जिन्यावर ताई उभी राहिली. पर्स तिने भावाच्या हातात दिली, पदर खोचला, आणि अनेक वर्षांपूर्वीचा तो संताप पुन्हा आठवेना म्हणून भावाला म्हणाली, "जरा टेबल वाजव रे." सर्व्हेअरसाहेबांनी कठड्यावर बोटं वाजवली. ताईच्या कपाळावर आठी आली आणि ड्रम सुटला. पायरीपायरीवर खर्र खर्र करत तो थेट खाली दुकानात जाऊन बाथरूमच्या टाइल्सना भिडला. (मंडळाच्या इतिहासात इतका वेळ ड्रमचा आवाज प्रथमच ऐकण्यात आला. दोन सभासदांना बसावं लागलं.)

पोचा तपासला. तोच. जागा तीच, खोली तीच, डावीकडे किंचित कललेला आकारही तोच. सर्व्हेअरसाहेबांनी स्वतः भिंग लावून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आता कोणाला शंका घ्यायला जागाच नव्हती.

समिती आत जाऊन विचार करून बाहेर आली. अध्यक्षांनी निकाल वाचला. दोन्ही पोचे तंतोतंत सारखे आहेत. यावरून मूळ पोचा मुठीने पडलेला नसून ड्रम जिन्यावरून फेकल्याने पडला, हे निर्विवाद सिद्ध होतं. म्हणजेच 'त्यांनी' संतापाच्या भरात ड्रमला बुक्की मारली नव्हती, तर ड्रम जिन्यावरून फेकला होता. 'त्यांच्या' चरित्रातला एवढा मोठा प्रसंग आजवर अंधारात होता, तो उजेडात आणल्याबद्दल मंडळ बाईंचं ऋणी आहे. नेलपॉलिशबाबत समितीचं मत असं पडलं की थोर कलावंत काय लावतील याचा नेम नसतो. ड्रमची किंमत तिथल्या तिथे दुप्पट झाली.

"अहो, पण फेकला मी!" ताई म्हणाली.

"आपण हुबेहूब 'त्यांच्यासारखा' फेकता," अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले. "अशी फेक आता पाहायला मिळत नाही."

ताई काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात प्रात्यक्षिकाच्या ड्रमवरून सभासदांमध्ये जुंपली. तिने सही करून दिली तर आत्ताच्या आत्ता घेतो, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने आणखी दोन-तीन पाडून मिळतील का, अशी चौकशी केली. कोणी तिला खुर्ची दिली, कोणी गुडघ्याची विचारपूस केली. हिशेब खात्यात इतक्या वर्षांत तिला कोणी खुर्ची सरकवून दिली नव्हती. चहा होईपर्यंत ती मंडळाची मानद पोचातज्ज्ञ झाली होती, आणि कप खाली ठेवताना ती भावाला हळूच म्हणाली, "तसं नीट पाहिलं ना छोट्या, तर तो माझा नसेलही. माझ्याने इतका भारदस्त पडला नसता."

सर्व्हेअरसाहेबांनी गाडी विकली आणि ड्रम घेतला. बायको दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बसचं वेळापत्रक पाठ करून बोलू लागली. ड्रम बैठकीच्या खोलीत आला. सर्व्हेअरसाहेबांनी माळ्यावरून जुन्या काठ्या काढल्या, पुसल्या, आणि ड्रमसमोर बसले. त्यांची बोटं अक्षरशः शिवशिवत होती.

"वाजवा ना," बायको म्हणाली. "गाडी गेली ती गेलीच. आता वाजवा तरी."

"पण एकदा वाजवला की प्रत उतरते गं."

"मग विकायचाय का?"

"छे! हा कसा विकेन?"

"मग?"

सर्व्हेअरसाहेबांनी काठ्या पुन्हा पुसायला घेतल्या. तेवढ्यात ताईचा फोन आला. मानद पोचातज्ज्ञ या नात्याने तिने निक्षून सांगितलं की त्याला काठीही लावायची नाही, हादऱ्याने पोच्याच्या कडा बदलतात. अखेर त्यांनी काठ्या खाली ठेवल्या, काचेची पेटी करून घेतली, आणि वरून धूळ बसू नये म्हणून चादर घातली. पाहुणे आले की ते चादर बाजूला करतात, 'ते' म्हणतात आणि डोळे मिटतात. ते सुखी आहेत. रात्री झोपेत मात्र त्यांचे हात पांघरुणावर हलत असतात आणि बायको कूस बदलते.

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर ते साहजिक आहे. माणसं वेड्यासारखी वागतातच. आता आपण एवढंच करा. उठा, आणि कपाटातल्या त्या सोनेरी काठाच्या कपबशा काढा, ज्या लग्नात मिळाल्या आणि चांगल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. त्यातल्या एका कपात आज, काही कारण नसताना, एकट्याने चहा घ्या. फुटला कप तर फुटला.

नाही उठवत ना? मग बसा. सभासद आपण आधीपासूनच आहात, फक्त वर्गणी राहिली आहे.