एका तासाच्या आतलं विमान

"तुम्ही दोन दिवस रेल्वेत हाडं मोडून घ्या! मी सकाळी नागपुरातून उडतो अन् मुहूर्ताच्या आधी बंगलोरात तुमच्या स्वागताले उभा!" जळगाव जामोदच्या हिंमतरावांनी सगळ्या वऱ्हाडाला असं ठणकावलं, की विमान तेच चालवणार आहेत असं वाटावं!

लग्न भाची प्रेरणाचं. तिची नोकरी तिकडे, नवरा तिकडचा, म्हणून कार्यालयही तिकडेच. हिंमतराव तिचे एकुलते एक मामा. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून अख्खा बाजार फिरायची. "मामा, लग्नात पाठीशी तूच उभा राहजो हं," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा या गड्यानं फोन बायकोच्या, पुष्पाबाईंच्या, हातात कोंबला आणि अंगणात जाऊन नाक शिंकरलं.

पण हिंमतरावांना एक खोड होती. हक्क! गावात कुणाचा मिक्सर बिघडो की कुणाच्या गॅसच्या टाकीचं वजन कमी भरो, भांडायला हिंमतराव पुढे. शिट्टी नीट वाजत नाही म्हणून त्यांनी खामगावच्या दुकानदाराला इतकं पिळलं होतं, की त्यानं कुकर बदलून दिला, वर चहा पाजला आणि पुन्हा येऊ नका म्हणून हात जोडले! तिकीट हाती येताच त्यांनी विमान प्रवाशांचे हक्कही असेच घोकून टाकले.

नागपूर विमानतळाच्या काउंटरवर अश्विनी नावाची मुलगी होती. तिनं दोघा नवराबायकोची तिकिटं पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, पुन्हा तिकिटं पाहिली.

"सॉरी सर. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेलीत. स्वखुशीनं कुणी थांबतं का विचारलं, पण कुणी तयार नाही. तुम्हाला दोघांना या विमानात नाही घेता येणार."

पुष्पाबाई काउंटरवर वाकल्या. "अवो बाई, लग्न हाय आमचं!"

"तुमचं?"

"भाचीचं!"

हिंमतराव मात्र लॉटरी लागल्यासारखे फुलले. "म्हणजे तिकीट असून तुम्ही आमाले बसू देऊन नाही राह्यले. बराबर? मग काढा नुकसानभरपाई! भाड्याच्या दुप्पट! नियम हाय!"

रांगेतल्या माना वर झाल्या. हिंमतरावांना आयती सभाच मिळाली.

"सर, ऐका तरी," अश्विनी म्हणाली. "दुसऱ्या कंपनीच्या विमानात तुमच्यासाठी दोन जागा मिळवल्यात. तुमच्या विमानानंतर पाऊण तासानंच सुटतंय ते. आरामात पोचाल."

"देव पावला!" पुष्पाबाईंनी पिशवी उचलली. "चाला!"

"थांब! अन् भरपाई?"

"एका तासाच्या आतलं विमान दिलं, तर भरपाई नसते सर. नियमच आहे तसा."

नियम हिंमतरावांनाही पाठ होता. तोच तर घोळ होता!

"मंग हे विमान आमाले नको. तासाच्या नंतरचं द्या."

"अवो, तुमाले काही समजते काय?" पुष्पाबाई किंचाळल्या.

"तुले नाही समजत! आपण सोडलं, तं हे लोकं सगळ्याइले असेच गुंडाळतीन. नंतरचं विमानही मुहूर्तापर्यंत पोचतेच ना हो?"

"पोचतं," अश्विनी म्हणाली, "वेळेवर सुटलं तर."

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. "तुम्ही तुमचे हक्क घेऊन या. मी लग्नाले जातो."

शेगावच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली ती बाई मागं वळूनही न पाहता निघून गेली. तिच्या मागं धावावं असं हिंमतरावांच्या फार मनात आलं. पण तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काका, सोडू नका!" आणि काका पुन्हा काउंटरकडे वळले.

नंतरचं विमान वेळेवर सुटलं नाही. आधी बिघाड, मग दुरुस्ती, मग दुरुस्तीत बिघाड! कंपनीनं नियमाप्रमाणे फुकट इडली दिली. ती हक्काची इडली तशीच गार झाली. पाऊण तासानंतरचं ते विमान केव्हाच उडून गेलं होतं, आणि त्यात एक जागा बहुतेक रिकामी होती. या विचारानं हिंमतराव खुर्चीत चुळबुळत राहिले.

फोन वाजला. बहीण सुभद्राबाई. "भाऊ, कुठं हायेस तू? गुरुजी मामाले बोलावून राह्यले!"

"मी... निघतोच हाव."

"मामाच्या घरचं कोणी हाय काय म्हणते, तं वहिनी म्हणे, मीच हाव! तुह्यासाठी आणलेला फेटा तिलेच बांधला बघ."

फोनमधून सुभद्राबाईंच्या मागं मंगलाष्टकं सुरू झालेली ऐकू आली. "फोन ठेवू नको, सुभद्रे," एवढंच हिंमतराव म्हणाले, आणि फोन कानाला लावून तिथंच ताठ उभे राहिले. विमानतळावरचा शिपाई जवळ आला. "काका, बरं वाटत नाही काय?"

"लग्न लागून राह्यलं," हिंमतराव म्हणाले. डोळे पुसायला रुमाल शोधला, तर तो बायकोच्या पिशवीत होता.

ते पोचले तेव्हा माणसं मांडवाची फुलं उतरवत होती. भरपाई मंजूर झाल्याचा मेसेज आला होता, तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. पुष्पाबाई फेटा बांधूनच पाहुण्यांना पान-सुपारी देत होत्या, आणि सासरची मंडळी त्यांना कौतुकानं 'मामा' म्हणत होती!

प्रेरणा पाया पडली. तिचे डोळे सुजले होते. "मामा, मी लय वाट पाह्यली तुही. मामीच्या विमानात अजून एकही जागा नव्हती काय?"

हिंमतरावांनी तोंड उघडलं.

"नव्हती पोरी," पुष्पाबाई मधेच म्हणाल्या. "एकच होती, ते त्याइनं मले देल्ली. दुसरी असती तं तुहा मामा मागं राह्यला असता काय?"

प्रेरणानं मामाला घट्ट मिठी मारली. त्या मिठीत हिंमतराव लहान लहान होत गेले. ती पाहुण्यांकडे वळल्यावर पुष्पाबाई नवऱ्याच्या कानाशी आल्या.

"बाकीचं घरी गेल्यावर बोलतो."

बंगलोरपासून जळगाव जामोद इतकं जवळ आहे, हे हिंमतरावांना आधी कधीच जाणवलं नव्हतं!